सुपाएवढी जागा



परवडणारी घरं आणि कामगारांची रोजीरोटी या विषयावर बोलाल का, असा केंद्रावरून फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी कविता लिहिणारी बाई. हा विषय एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना द्या." पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही सोलापूरच्या ना? मग तुम्हीच बोला." यावर मला काही बोलता आलं नाही. सोलापुरातल्या कष्टकरी घरात जन्मलेल्या माणसाला गिरणी, माग आणि विडी या तीन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. चौथी गोष्ट म्हणजे भाड्याची खोली. तीही तो आपोआप शिकतो.

मी मराठी विषय घेऊन बी. ए. केलं. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत विड्या. त्यामुळे आज जे सांगणार आहे, त्यातलं थोडं वाचलेलं आहे आणि बरंचसं बघितलेलं.

आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. नळ एक. आमची खोली दहा बाय बाराची. तिच्यात अम्मी, अब्बा, दादी आणि आम्ही चार भावंडं. अब्बा यंत्रमागावर होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. अम्मी विड्या वळायची. शेजारची पद्मशाली अक्का वळायची, समोरच्या लिंगायत काकू वळायच्या, आणि शाळेतून आलो की आम्ही मुलीही सूप मांडीवर घेऊन बसायचो.

ज्यांनी हे काम बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विडी कारखान्याच्या शाखेतून पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पानं रात्री भिजवायची, सकाळी पुसायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची. मग सूप मांडीवर घ्यायचं. एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला तंबाखू. पान घ्या, तंबाखू पसरा, वळा, दोरा बांधा, तोंड दुमडा. असं हजार वेळा. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या आणि शाखेत नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा माणूस बसलेला असतो. त्याला नापसंत पडलेल्या विड्या तो बाजूला काढतो. त्यांची मजुरी नाही.

आता बघा, या बाईचा कारखाना कुठं आहे? कागदावर तो शाखेच्या पत्त्यावर असेल. खरा कारखाना तिच्या मांडीवर असतो, सुपाएवढ्या जागेत. तिच्या खोलीचा उजेड हा कारखान्याचा उजेड. पावसाळ्यात छप्पर गळलं तर कारखाना बंद, कारण ओल लागलेली पानं कुजतात. रातपाळी करून आलेला नवरा त्याच खोलीत झोपलेला असतो, तेव्हा कात्रीचा आवाज होऊ नये म्हणून ती पानं बाहेर उंबऱ्यावर कापते. तंबाखूचा धुरळा तिथंच, चूल तिथंच, पाळणाही तिथंच. घर आणि काम यांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. आमच्यासारख्यांच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच.

मी सातवीत असताना घरमालकानं भाडं वाढवलं. अब्बांनी बराच शोध घेऊन शहराच्या कडेला एक खोली बघितली. भाडं पंचवीस रुपयांनी कमी आणि खोली थोडी मोठी. वर समोर मोकळं अंगण. आम्ही पोरं खूश. दादी तर अंगणात बाज टाकून बसायला मिळणार म्हणून दोन दिवस आधीच गाठोडं बांधून तयार.

महिना झाला. एका रात्री अम्मीनं चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर हिशेब मांडला. जुन्या वाड्यापासून विडीची शाखा चार गल्ल्यांवर होती. इथून जाऊन-येऊन दोन तास लागत. दोन तास म्हणजे तीनशे विड्या. रोजच्या हजाराच्या सातशे झाल्या होत्या. महिन्याचे झाले सात-आठ हजार. त्या बुडालेल्या मजुरीचा आकडा वाचलेल्या भाड्याच्या दुप्पट निघाला. शिवाय अब्बांची सायकल, तिचे पंक्चर आणि रातपाळी संपल्यावरची वाट वेगळीच. अम्मी कोळसा खाली ठेवून म्हणाली, "घर का किराया कम हुआ, पर पावां का किराया बढ्या."

पायांचं भाडं! पुढं मी कॉलेजात गेले, पुस्तकं वाचली, परिसंवाद ऐकले. पण घर परवडतं म्हणजे काय, याची त्याहून नेमकी व्याख्या मला कुठं सापडली नाही. आठ महिन्यांत आम्ही परत जुन्या भागात आलो. खोली आणखी लहान, भाडं आणखी जास्त. दादीचं अंगण गेलं. अम्मीच्या विड्या मात्र पुन्हा हजारावर आल्या.

श्रोतेहो, या पायांच्या भाड्याला फार जुना इतिहास आहे. सोलापुरात १८७७ साली कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. आजही लोक तिला 'जुनी मिल' म्हणतात. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, दुष्काळानं गाव सोडायला लावलेले शेतकरी आले. भोंगा वाजला की दारात माणूस हजर हवा, तर तो जवळपास राहायला हवा. म्हणून जिथं गिरण्या उभ्या राहिल्या, तिथं त्यांच्या आजूबाजूला चाळी आणि वस्त्याही झाल्या. जिथं मालकानं चाळ बांधली, तिथं मजुराला खोली मिळाली खरी, पण त्या खोलीची किल्ली मालकाच्या खिशात राहिली. काम गेलं की खोली गेली. संप करायचा म्हटलं की बायको आधी विचारणार, "राहायचं कुठं?"

याहून कडू उदाहरण आमच्याच शहरात आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती त्यांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं सोलापुरात या लोकांसाठी तारेचं कुंपण घातलेली वसाहत केली. तिचं नाव सेटलमेंट. आतल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण गिरण्यांत कामाला जात. म्हणजे राहायला छप्पर होतं, हाताला काम होतं, दोन्ही जवळजवळ होती. नियोजनाच्या कागदावर यात काय दोष काढणार? दोष एवढाच की भोवती तार होती. स्वातंत्र्य १९४७ साली मिळालं. या लोकांना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून मुक्ती मिळाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो भाग आजही सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो.

म्हणून कामगारांसाठी घरं बांधायची असं कुणी म्हणालं की माझ्या मनात दोन प्रश्न येतात. घर कामाच्या किती जवळ आहे? आणि किल्ली कुणाच्या हातात आहे? घर जवळ असलं आणि किल्ली दुसऱ्याची असली, तर माणूस बांधला जातो. किल्ली स्वतःची आणि घर लांब असलं, तर तो पायांचं भाडं भरत राहतो. दोन्ही गोष्टी एकदम साधल्या, तरच ते घर परवडलं म्हणायचं.

मुंबईकडे बघितलं तरी हेच दिसतं. १९२० नंतरच्या काळात सरकारनं बी. डी. डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून दोनशेच्या वर इमारती. एकशेसाठ चौरस फुटांची खोली. त्या खोल्यांत पिढ्या वाढल्या, त्या काही सुखात वाढल्या असं मी म्हणणार नाही. पण गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर होती. जेवणाचे डबे देणारी खानावळवाली बाई तिथंच होती, भजनी मंडळ, व्यायामशाळा, युनियनचं ऑफिसही तिथंच. आमच्या बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, मुंबईला गेला तो याच कामगारांमध्ये मिसळला. त्याच्या डफावर जी गर्दी जमायची, ती पाळी सुटल्यावर चालत आलेली गर्दी होती. माणसं कामाजवळ राहतात तेव्हा नुसतं उत्पादन वाढत नाही, त्यांना एकमेकांसाठी वेळ उरतो.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पुढं गिरण्या गेल्या आणि जमिनी राहिल्या. त्या जमिनींचा काही भाग घरांसाठी देण्याचा नियम १९९१ साली झाला. २००१ साली तो बदलला, तेव्हा घरांच्या वाट्याला येणारी जमीन फार आकसली. त्यानंतर काही हजार कामगारांना मुंबईत घरं मिळाली, पण त्याहून कितीतरी अधिक वाट बघत राहिले. अलीकडे त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणीचं नाव पुढं आलं. मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेले म्हातारे गिरणी कामगार आणि त्यांच्या विधवा म्हणत होत्या, घर द्यायचं तर मुंबईत द्या. काहींना वाटलं, हा हट्ट आहे. मिळतंय ते घ्यावं. मला मात्र अम्मीचा कोळसा आठवला. त्या म्हाताऱ्यांचं काम संपलं असेल. त्यांची मुलं कुठं कामाला जातात, सुना कुणाच्या घरी स्वयंपाक करतात, दवाखाना कुठं आहे, हा हिशेब त्यांनी मांडलेला असणार.

आता परत सोलापूरला येऊ. कारण देशभर सांगावं असं काहीतरी इथं घडलं आहे.

अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी नावाचं गाव आहे. तिथं विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. लाल बावट्याच्या युनियननं, आडम मास्तरांच्या पुढाकारानं, अनेक वर्षं लढा देऊन ती मिळवली. वसाहतीला नाव दिलं ते वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचं. हिशेब साधा होता. घराला साठ हजार रुपये. वीस केंद्राचे, वीस राज्याचे आणि वीस त्या बाईचे. वीस हजार म्हणजे तुम्हाला आज काहीच वाटणार नाहीत. पण हजार विड्यांना मिळणाऱ्या तेव्हाच्या मजुरीनं भागून बघा, म्हणजे कळेल किती लाख विड्या होतात.

पुढं ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापूरला आले आणि तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते दिली गेली. या यादीत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार आहेत, कचरा वेचणाऱ्या बायका आहेत, वाहनचालक आहेत. लहानपणी आपल्यालाही अशा घरात राहायला मिळालं असतं तर, असं म्हणताना त्या दिवशी पंतप्रधानांचा गळा भरून आला होता. मागणी लाल बावट्याची, पहिल्या किल्ल्या काँग्रेसच्या पंतप्रधानांच्या हातून, दुसऱ्या भाजपच्या. राजकारणात एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका घरकुलाच्या उंबऱ्यावर उभी राहिलेली मी माझ्या शहरात बघितली. मागणाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही, तर असं होऊ शकतं.

पण किल्ली मिळाली म्हणजे गोष्ट संपत नाही. ती पुढं कशी जाते, हे मला माझ्या थोरल्या आपामुळे कळलं.

आपा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिचं लग्न लवकर झालं, शिक्षण राहिलं. तीही विडी वळणारी. तिला शहराबाहेरच्या एका वसाहतीत घर मिळालं. तिच्या वाट्याची रक्कम तिनं भिशीतून उभी केली, कमी पडली तेव्हा पैंजण मोडले. घराच्या कागदावर नाव तिचं. भाईजानचं नव्हे. तोवर तिच्या नावावर फक्त एक वस्तू होती, विडी कामगाराचं कार्ड. किल्ली घेऊन ती आधी आमच्याकडे आली. अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. आपानं किल्ली अम्मीच्या हातात ठेवली. अम्मीनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "शाखा कितनी दूर है?"

शाखा लांब होती. पहिली काही वर्षं आपानं ओढ काढली. सकाळी विड्यांची पिशवी घेऊन सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं बसायचं, शहरात जायचं, तपासणी होईपर्यंत थांबायचं, परत यायचं. पाऊस आला तर पिशवी पोटाशी. आजूबाजूच्या कितीतरी घरांना त्या दिवसांत कुलपं होती. लोक म्हणायचे, बघा, घर मिळालं तरी राहत नाहीत, भाड्यानं देऊन मोकळे होतात. ती कुलपं हावरेपणाची नव्हती. ज्यांना पायांचं भाडं झेपलं नाही, त्यांनी कुलूप लावून परत शहरातली खोली धरली होती.

मग वसाहतीतच विडीची शाखा निघाली. बायकांनी मोर्चे काढले, आणि कारखानदारालाही कळलं की हजारो वळणारे हात एका ठिकाणी आहेत, तर आपणच तिकडे गेलेलं बरं. त्या एका शाखेनं वसाहतीचं रूप बदललं. आधी किराणा दुकान आलं, मग पिठाची गिरणी. शाळेचे वर्ग वाढले. मशीद झाली, मारुतीचं देऊळ झालं, अक्कांची बतुकम्मा दणक्यात होऊ लागली. कुलपं निघाली. आपाच्या विड्या हजारावर आल्या आणि त्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं, "आता हे घर झालं."

माझा भाचा मात्र अजून अर्धाच त्या घरात राहतो. तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. रातपाळी सुटते तेव्हा वाहन नसतं. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तो कारखान्यातच कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपतो. म्हणजे एकाच छपराखाली आईला घर परवडलं आहे आणि मुलाला नाही. घराची किंमत दोघांना सारखीच पडली. फरक आहे तो वाटेचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खोली शोधायला निघालेल्या माणसाला भाड्याआधी नाव विचारलं जातं. आमचं नाव ऐकल्यावर कितीतरी रिकाम्या खोल्या एकाएकी भरलेल्या असायच्या. अब्बा हसून म्हणायचे, "चला, पुढची गल्ली." मग ज्या भागात खोली मिळेल तिथं राहायचं आणि तिथून जे काम गाठता येईल ते करायचं. ज्याला राहण्याची जागा निवडता येत नाही, त्याला कामही निवडता येत नाही. दलित कामगारांना हे आमच्याआधी आणि आमच्याहून जास्त ठाऊक आहे. आपाच्या वसाहतीत यादी लागली ती कामगार कार्डावरून. त्यामुळे तिच्या ओळीत एका बाजूला तेलुगू अक्का आहे, दुसऱ्या बाजूला वडार समाजाची बाई, समोर मराठा काकू. मी त्याचा फार गवगवा करणार नाही, भांडणं तिथंही होतात. पण ती पाण्यावरून होतात, नावावरून नाही.

आता पुढचं. माझ्या भाच्या विड्या वळत नाहीत. आपानं वळू दिल्या नाहीत. तंबाखूच्या धुरळ्यानं तिची छाती कशी झाली आहे, ते त्यांनी बघितलं आहे. विडीचा धंदा उतरणीला लागला आहे, आणि आरोग्याचा विचार केला तर तो उतरावा हेच बरं. पण घर तर पन्नास वर्षं टिकणार. मग एका धंद्यासाठी वसवलेली वसाहत तो धंदा गेल्यावर काय करणार? गिरण्या गेल्यावर गिरणगावाचं काय झालं, ते आपण बघितलं. सोलापुरात आता शाळांचे गणवेश शिवण्याचा व्यवसाय वाढला आहे. आपाची सून घरीच शिलाई मशीन चालवते. तिलाही उजेड लागतो, वीज लागते, कापडाचा गठ्ठा ठेवायला कोरडा कोपरा लागतो. सूप गेलं, मशीन आलं. जागेची गरज तीच राहिली. तिची धाकटी नणंद नर्सिंग शिकली. तिला रात्री सुरक्षित घरी आणणारी बस हवी. वसाहत टिकायची असेल तर तिच्यातून एकाच नव्हे, अनेक कामांकडे वाटा जायला हव्यात.

आणि ज्यांना घर विकत घ्यायचंच नाही त्यांचं काय? भिवंडीत एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे यंत्रमाग कामगार आहेत. एकाची रातपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी, चटई तीच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा सगळे एकदम खोलीवर आले आणि खोलीत मावेनात. काम थांबलं, भाडं थांबलं नाही. मग ती माणसं चालायला लागली. ती रांग आपण सगळ्यांनी बघितली. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं शहरांत कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. विचार योग्य होता. फक्त तो सुचायला माणसांना शेकडो मैल चालावं लागलं. ज्यांच्या हातांवर शहराचा कारभार चालतो, त्यांची मुक्कामाची सोय हा दानधर्म नाही. तो शहराच्या कारभाराचाच भाग आहे. पाणी, रस्ता, दिवे, तसंच हे.

शेवटी, मी कुणी तज्ज्ञ नाही, पण चार गोष्टी मागते. घर बाईच्या नावावर करा, किमान तिचं नाव त्यावर असू द्या. मारलं, हाकललं तर ती जाणार कुठं, हा प्रश्न त्यानं अर्धा सुटतो. घराचा नकाशा काढताना तिच्या कामाला जागा सोडा. एक ओटा, एक खिडकी, चुलीपासून वेगळा एक कोपरा. किल्ल्या देण्याच्या समारंभाआधी बस सुरू करा. आणि कामाला घराजवळ आणता येत असेल तर ते आणा. विडीच्या एका शाखेनं जे केलं, ते शिवणाच्या एका केंद्रानंही होईल.

अम्मी आता नाही. तो कोळशाचा हिशेब मांडलेली भिंतही नाही. ती खोली पाडून तिथं दुकानं झाली. पण घरांच्या कुठल्याही नव्या योजनेची जाहिरात वर्तमानपत्रात आली, की मी आधी किंमत बघत नाही. जागेचं नाव बघते आणि मनातल्या मनात विचारते, इथून कामाला जायला किती वेळ लागेल? तुम्हीही विचारा. ज्यांच्या हातात नकाशे आहेत, त्यांना तर जरूर विचारा. चौरस फूट आणि रुपये यांच्या शेजारी, जाहिरातीच्या एका कोपऱ्यात, ही तिसरी ओळ छापायला काही फार खर्च येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)